पाहिल्याची तारीख

वरच्या खोलीत सर चालायलेत का न्हाई, हे मी अजूनबी दुपारी पडल्या पडल्या ऐकतो. सर गाव सोडून पोराकडं गेले. खोलीत आता नर्सिंगच्या दोघी पोरी राहतात, त्या अनवाणी फिरतात, आवाज येत न्हाई. सर चपला घालून चालायचे. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत, अन् कधी मधीच थांबायचे. थांबले की आमाला खाली कळायचं, सरांना कुणाची तरी चूक सापडली.

सरांना नीट टेकून बसलेलं मी बघितलं न्हाई. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं. खुर्ची दिली तर तिच्या पाठीवर हात ठेवून बोलायचे, जशी काय ती दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवलीय. परभणीच्या एका कॉलेजात मराठी शिकवून रिटायर झाले होते. बायको वारलेली. मी घरमालक, म्हणून मला 'मालक' म्हणायचे. माझं शिक्षण तिसरी, तीबी पुरी न्हाई. सरांचं मी एकबी पुस्तक वाचलं न्हाई. पण सरांवर लिहायचं तर मीच लिहिणार, कारण त्यांच्याशी माझ्याएवढं कोणी भांडलं न्हाई. पोरगी म्हणली, "बाबा, मी नीट करून देते." मी म्हणलं, हात लावायचा न्हाई.

सरांकडं पीएचडीची पोरं यायची. पीएचडीला जाडजूड प्रबंध लिहावा लागतो, अन् त्याच्या शेवटी यादी असते. हे कुठून घेतलं, ते कुठून घेतलं. पहिले त्या यादीत पुस्तकं असायची. आता पोरं मोबाइलवर व्हिडिओ बघतात, त्यातलं उचलतात अन् यादीत लिहितात, 'नेटवरून'. हे 'नेटवरून' वाचलं की सरांचं तोंड भाकरीत खडा आल्यासारखं व्हायचं.

"नेटवरून म्हणजे कुठून?" सर जिन्यातच विचारायचे. वर येईपर्यंत दम धरवायचा न्हाई.

"सर, व्हिडिओ हाय."

"कोणाचा?"

"चॅनलचा."

"चॅनलला नाव असेल."

"असंल की सर."

"तुला मी पत्र टाकलं आणि पत्त्यात नुसतं 'परभणीत' लिहिलं, तर पोस्टमन आणून देईल का?"

"पोस्टमन आता येतो कुठं सर."

त्या पोराला सरांनी परत धाडलं. दुसऱ्या दिवशी तो सगळं घेऊन आला. सरांना काय काय लागायचं ते मला ऐकून ऐकून पाठ झालं. व्हिडिओ कोणी चढवला, त्याचं नाव पहिलं. कोणत्या साली. मग व्हिडिओचं शीर्षक, आहे तसं, चुकलेलं असलं तर चुकलेलंच. मग त्याचा नेटवरचा पत्ता. आपण जे वाक्य उचललं ते कितव्या मिनिटाला येतं. अन् सगळ्यात शेवटी, आपण तो बघितला ती तारीख.

ही शेवटची गोष्ट मला लय येडपट वाटायची. मी एकदा म्हणलं, "सर, बघितला कधी ह्याच्याशी दुनियेला काय करायचंय? मी सकाळी चहा पिलो त्याचीबी तारीख लिहून ठेवू का?"

सर चालता चालता थांबले. "मालक, पुस्तक छापलं की छापलं. व्हिडिओचं तसं नाही. आज आहे, उद्या टाकणाऱ्यानं काढला तर नाही. आपण फक्त एवढी साक्ष द्यायची, की अमुक दिवशी मी गेलो होतो आणि तो होता."

"मयताच्या घरी भेटून आल्यासारखं."

"तसंच समजा," सर म्हणले, अन् परत चालायला लागले.

हा नाद पोरांच्या प्रबंधापुरता असता तर ठीक. सर सगळ्या गावाला प्रबंध समजायचे. एकदा चहाच्या हॉटेलात हॉटेलवाल्याच्या मोबाइलवर बिबट्याचा व्हिडिओ आला. बिबट्या पोखर्णीच्या रस्त्याला दिसला म्हणून बोंब झाली. बाया शेतात जाईनात. सर आले, अन् चालू व्हिडिओवर सरळ अंगठा ठेवला. ही त्यांची सवय. मोबाइल कुणाचाबी असो, अंगठा सरांचा.

"कोणी टाकला?"

"भाच्यानं धाडला," हॉटेलवाला म्हणला.

"लाव फोन भाच्याला."

भाच्याला मित्रानं धाडला होता, मित्राला त्याच्या साडूनं. सर हॉटेलासमोर येरझारा घालायले अन् फोनावर फोन व्हायले. आमी पंधरा-वीस माणसं चहा गार करून ऐकायलो. शेवटी गंगाखेडचा एक जण लागला. तो म्हणला, "मला तर परभणीच्या चहाच्या हॉटेलवाल्यानं धाडला." सगळे हॉटेलवाल्याकडं बघायले. तो म्हणला, "मी कुठं म्हणलं मी बिबट्या बघितला? मी निस्ता पुढं ढकलला."

बिबट्या तिथंच मेला. पण लोक सरांवर खुश झाले असं न्हाई. बिबट्या असता तर बरं झालं असतं, असंच जास्त जणांचं तोंड होतं.

अन् एक डाव तर सरांनी हद्द केली. आमच्या गल्लीतले अण्णा वारले. शोकसभेत एक पुढारी बोलायला उठला. "अण्णा नेहमी म्हणायचे, समाज हाच माझा परिवार." मागून सरांचा आवाज, "केव्हा म्हणाले?"

मी सरांचा सदरा ओढला. पुढारी म्हणला, "नेहमीच म्हणायचे." सर म्हणले, "एखादी वेळ सांगा." लोक तापले, दोघं उठलेबी. तेवढ्यात पुढं बसलेली अण्णांची बायको पदर सावरून म्हणली, "कधीच म्हणले न्हाईत. ते बोलायचेच न्हाईत." बाई हसायली का रडायली कळेना. पण त्यानंतर तिनं दर सणाला सरांना ताट धाडलं. आमच्या घरातलीनं मात्र मला बजावलं, "सरांना आपल्याकडं जेवायला बोलवू नका. भाकरीला विचारतील, कोणत्या शेतातून आलीस."

सर असे कशानं झाले, ह्यावर लोक दोन-तीन गोष्टी सांगायचे. कोणाकडून ऐकलं म्हणून विचारलं तर कुणाला सांगता आलं न्हाई. म्हणून त्या मी हितं लिहीत न्हाई.

आता माझ्या भांडणाचं सांगतो.

माझी पोरगी सुजाता शाळेत मास्तरीण हाय. तिनंबी पीएचडी करायला घेतली होती, आमच्या जिल्ह्यातल्या गायन पार्ट्यांवर. गायन पार्टी म्हणजे जयंतीला, लग्नाला, नामकरणाला बाबासाहेबांची, बुद्धाची गाणी म्हणणारे आमचे लोक. एक म्होरक्या गाणारा, एक पेटीवाला, एक ढोलकीवाला, मागं कोरस. तरुणपणी मीबी एका पार्टीत ढोलकीवर होतो. आमचा म्होरक्या लिंबाजी. गाणी तोच रचायचा, चालबी तोच लावायचा. त्याला लिहिता येत न्हवतं. विटभट्टीवर काम करता करता गाणं जुळवायचा, अन् रात्री आमच्याकडून पाठ करून घ्यायचा. लिंबाजी गेला, पार्टी मोडली, मी ढोलकी माळ्यावर टाकली. सुजाता तवा पाळण्यात. तिनं लिंबाजीला ऐकलेलं न्हाई, अन् मी परत कधी गायलो न्हाई.

आमच्यात गाण्याला छाप असते. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं, ती छाप. दुसऱ्या पार्टीनं गाणं म्हणलं तरी छाप तीच म्हणायची. एकदा येलदरीच्या जयंतीत एका गाणाऱ्यानं छाप बदलून आपलं नाव घातलं, तर ऐकणाऱ्यांनी त्याला मंडपातून उठवलं. गाणं चालू असताना उठवलं, ढोलकी वाजायलीच होती.

सुजातानं प्रबंध सरांकडं तपासायला दिला. त्या दिवशी मी खाली अंगणात तूर निवडायलो होतो. वर सर एक व्हिडिओ लावून बसले. बसले कुठले, चालायले. वाक्य कितव्या मिनिटाला येतं ते टिपायचं म्हणून एकच ओळ परत परत लावायले. एक तरणा आवाज, मागं की-बोर्ड:

*पाटी धर गं पोरी, पाटी धर,*
*बापाच्या अंगठ्यावर तुझी सही कर.*

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. हे लिंबाजीचं. मग शेवटचं कडवं आलं, अन् त्यात लिंबाजी न्हवता. त्याच्या जागी गाणाऱ्यानं आपलं नाव बसवलेलं. सर परत मागं न्यायचे, परत तेच नाव. परत मागं, परत तेच. मी वर गेलो.

"सर, बंद करा ते."

"का?"

"गाणं चोरलेलं हाय. लिंबाजीचं हाय ते."

सरांनी सुजाताची यादी दाखवली. त्यात त्या पोराचं नाव, गीतकार-गायक म्हणून, सगळं सरांच्या शिस्तीत. मी म्हणलं, "पोरीच्या पुस्तकात चोराचं नाव? खोडा. लिंबाजी लिहा."

"तसं लिहिता येत नाही. व्हिडिओ त्यानं चढवला, पहिलं नाव त्याचं. शीर्षक आहे तसं. गाणं दुसऱ्याचं असेल तर सुजातानं आत मजकुरात ते सांगावं, पण आधार द्यावा."

"मी हाय की आधार. मी ढोलकीवर होतो."

"तुम्ही अंगणात तूर निवडताय, मालक. वाचणाऱ्यानं तुम्हाला कुठं शोधायचं?"

माझ्या डोक्यात सणक गेली. मी म्हणलं, "पन्नास वर्षं झाली मी ह्याच गल्लीत हाय. ज्याला पाहिजे त्यानं यावं. न्हाईतर तुमी खोली खाली करा."

सर म्हणले, "करतो. पण आधाराचं काय?"

सुजाता मधी आली. "बाबा, मला खरंच माहीत न्हवतं. तुमी घरात कधी गायलाच न्हाईत."

मी खाली आलो अन् त्या गाणाऱ्या पोराचा नंबर हुडकला. जिंतूर रोडला त्याचा स्टुडिओ होता. फोनावर मी त्याला जे बोलायचं ते बोललो. तो म्हणला, "काका, हे गाणं सगळेच म्हणतात. कुणाचं हाय कोणाला माहीत. छापेत कुणाचं तरी नाव लागतंच की." मी म्हणलं, कुणाचं तरी न्हाई, लिंबाजीचं. उद्या पार्टीतली उरलेली माणसं घेऊन तुझ्या दारात बसतो.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ गायब.

मी खुशीत वर गेलो. सर खिडकीपाशी उभे होते, माझ्याकडं पाठ करून. म्हणले, "तुम्ही चोर नाही पळवला, मालक. मुद्देमाल पळवला."

त्यांनी समजावून सांगितलं तवा माझ्या ध्यानात आलं. सुजाताच्या प्रबंधातल्या एका अख्ख्या प्रकरणात त्या गाण्यावर पानंच्या पानं होती. बापाच्या अंगठ्यावर पोरीनं सही करायची, ह्या ओळीवरच तिचं सगळं म्हणणं उभं. आता ते गाणं दाखवता येईल असं दुनियेत कुठंच न्हवतं. ना चोराच्या नावावर, ना लिंबाजीच्या. प्रबंध द्यायची मुदत तोंडावर आलेली.

"पाहिल्याची तारीख हाय ना तुमच्याकडं," मी म्हणलं. "ती कशाला लिहिता मग?"

"ती आहे म्हणून सुजाता खोटी ठरत नाही. पण वाचणारा गेला तर त्याला कुलूप दिसेल. आणि कुलपावर नाव त्या पोराचं."

मी बरोबर केलं का चूक, ते लोकांनी ठरवावं. मी अजून म्हणतो, त्या पोराला बोलायलाच पाहिजे होतं. पण त्या दिवशी मला चैन पडेना. खाली मी अंगणात चालायलो, वर सर चालायले. घरातली म्हणली, "दोघंबी एकाच वाटंनं चाला, फरशी तरी झिजणार न्हाई."

संध्याकाळी सर खाली उतरले. म्हणले, "गाणं तुम्हाला पुरं येतं?"

"येतं म्हणजे काय."

"मग गा. मी घेतो. तुमच्या नावानं चॅनल काढू आणि चढवू. मग तुम्ही सापडाल."

गच्चीवर पोत्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्या सुजातानं बाजूला केल्या. माळ्यावरची ढोलकी काढली. कातड्यावरची काळी शाई उडालेली, कातडं ढिलं, तरी कसंबसं आवळलं. सरांनी मोबाइल पाण्याच्या टाकीवर टेकवला. म्हणले, "आधी बोला. नाव, गाव, आजची तारीख. गाणं कोणाचं, तुम्ही कोणाकडून शिकलात, तेव्हा कुठं होतात."

मी सगळं सांगितलं. मग गायलो. आवाज म्हाताऱ्याचा, त्यात खालच्या घरात कुकरची शिटी झाली, अन् छापेच्या ओळीला मला खोकला आला.

*लिंबाजी म्हणे गं, शिकलीस जर,*
*माझ्याबी नावाची ओळ एक कर.*

मी म्हणलं, परत घ्या. सर म्हणले, "नाही. खोकला राहू द्या. काटछाट केली की लोकांना शंका येते."

सुजाता कठड्याला टेकून उभी होती. तिनं मिरच्यांचं पोतं परत उन्हाच्या बाजूला सरकवलं, ऊन तर कवाच गेलं होतं.

चढवायच्या वेळेला खरी हुज्जत झाली. सर म्हणले, आता यादीत पहिलं नाव तुमचं येणार. मी म्हणलं, माझं कसं? गाणं लिंबाजीचं, त्याचं येऊ द्या. चॅनलच लिंबाजीच्या नावानं काढा.

"वारलेला माणूस व्हिडिओ चढवत नाही, मालक. ते खोटं होईल."

"मग मी त्याच्या पुढं उभा राहू? त्या पोरात अन् माझ्यात फरक काय राहिला?"

सर गच्चीच्या ह्या कडंपासून त्या कडंपर्यंत गेले, परत आले, परत गेले. सुजाता म्हणली, "सर, काहीतरी वाट असंल की." सर म्हणले, "नियमाला वाट नसते." पण त्यांचंच त्यांना पटलेलं दिसत न्हवतं. मी म्हणलं, मग ऱ्हाऊ द्या, पुसून टाका. सर म्हणले, पुसणार नाही. अंधार पडायला लागला, डास चावायले, कोणीबी खाली उतरंना.

मग माझ्या डोक्यात एक आलं. मी विचारलं, "शीर्षक कोण ठरवतं?"

"चढवणारा."

"म्हणजे मी."

"तुम्ही."

"अन् यादी करणाऱ्यानं त्यात काही कमी करायचं?"

"एक अक्षर नाही. आहे तसं उतरवायचं."

"कितीबी लांब असलं तरी?"

सर थांबले. नेहमीसारखे मधीच न्हाई, पुरते थांबले. मग त्यांनी मोबाइल माझ्याकडं केला अन् म्हणले, "सांगा."

मी सांगितलं, अन् सर एका बोटानं टाइप करायले. *हे गाणं लिंबाजीचं, चाल लिंबाजीची, विटभट्टीवर रचलेलं, मी निस्ता ढोलकीवाला, ज्याला म्हणायचं त्यानं छाप बदलू नये.* सरांनी एवढंच विचारलं, "'निस्ता' ठेवू?" मी म्हणलं, ठेवा. त्या रात्री सर आमच्याकडं जेवले. उभ्यानंच, पण जेवले. घरातलीला भाकरीचं काही विचारलं न्हाई.

प्रबंध वेळेत गेला. काही महिन्यांनी विद्यापीठात सुजाताची तोंडी परीक्षा झाली. कुणीबी जाऊन बसू शकतं म्हणून मी गेलो, सरबी आले. मी मागच्या बाकावर बसलो, सर दाराला टेकून उभे. बाहेरगावचे परीक्षक प्रबंध चाळायले. शेवटची यादी आली तवा त्यांनी चष्मा वर केला.

"मॅडम, ही नोंद काय आहे? एवढं लांब शीर्षक?"

सुजाता म्हणली, "आहे तसं उतरवलंय, सर. नियम हाय."

परीक्षक वाचायला लागले. पहिलं माझं नाव वाचलं, साल वाचलं. मग मोठ्यानं वाचलं, हे गाणं लिंबाजीचं, चाल लिंबाजीची, विटभट्टीवर रचलेलं. सगळा हॉल ऐकायला लागला. त्यात चार-पाच मोठे प्रोफेसर होते. 'निस्ता' वर एक जण हसला. परीक्षकांनी छाप बदलू नये इथपर्यंत वाचलं, नेटचा पत्ता सोडून दिला अन् पान उलटायला गेले.

दारातून आवाज आला, "तारीख राहिली."

परीक्षकांनी वळून बघितलं. सुजातानं मान खाली घातली. मला वाटलं, आता पोरीची डिग्री गेली.

"पाहिल्याची तारीख," सर म्हणले. "शेवटी आहे. वाचा."

परीक्षकांनी पान परत मागं घेतलं. अन् वाचली. दिवस, महिना, साल, सगळं. सुजातानं ज्या दिवशी ते गाणं बघितलं तो दिवस.

लिंबाजी कधी जन्मला ते त्याच्या आईलाबी सांगता यायचं न्हाई, ज्या साली नदीला पूर आला त्या साली, एवढंच म्हणायची. गेला तो दिवसबी कोणी लिहून ठेवला न्हाई. आता त्याच्या नावापुढं एक तारीख हाय. मी सरांना हे सांगायला म्हणून दाराकडं बघितलं, तर सर व्हरांड्यात चालायला लागले होते.